अठ्ठावीस साइजची अक्षरं

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. दिवसाची सुरुवात लिहून करणारा माणूस अडीच पट काम करतो, असं व्हिडिओत सांगितलं. कुणाच्या अडीच पट, ते सांगितलं नाही.

हाती काम एकच. नाटक टाइप करणं. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, १ नोव्हेंबरला, त्या रात्री दोन भावांचं नाटक, 'वाटणीचा आंबा'. चाळीस वर्षांपूर्वी तुलाराम मास्तरांनी लिहिलेलं. मास्तर गेले, प्रत एकच उरली. माझ्या वडिलांच्या, बाबूजींच्या हातची वही, ८४ पानं. बाबूजी तीस वर्षं या नाटकाचे प्रॉम्प्टर आहेत. आमच्या गावचे नट पाठांतर करत नाहीत. विंगेतून जे ऐकू येतं ते बोलतात. म्हणजे नाटक खरं तर बाबूजीच करतात, बाकीचे हातवारे करतात.

यंदा बाबूजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शुगर उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही. वही वाचता येत नाही. मोठी झेरॉक्स काढून पाहिली, पण शाई मागच्या पानावर फुटलेली, सगळं काळंच आलं. परवा कंप्युटरवर एक ओळ अठ्ठावीस साइजमध्ये दाखवली तर खडाखड वाचली. मंडळाचे अध्यक्ष मधुकरराव म्हणाले, लाखांदूरहून टाइप करून आणू. मीच म्हणालो, घरात कंप्युटर असताना बाहेर कशाला? शाळेत सोळा वर्षं क्लार्क आहे मी.

दिवस ४८, पानं ८४. रोज दोन. तरी सहा दिवस शिल्लक राहतात. त्यांचं काय करायचं ते नंतर ठरवू.

त्याच दिवशी, दुपारी
टाइप करायला बसलो. डेस्कटॉपवर १८७ आयकॉन. या पसाऱ्यात डोकं कसं चालणार? आधी जागा साफ.

१६ सप्टेंबर, मंगळवार
डेस्कटॉप साफ. सगळे आयकॉन 'सॉर्ट करायचे' या फोल्डरमध्ये टाकले. आत आधीच एक 'सॉर्ट करायचे (जुने)' निघालं. त्याच्या आत २०१९ ची शाळेची सहल. फोटो पाहण्यात संध्याकाळ गेली. पानं शून्य. पण पाया पक्का झाला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
हिरव्या वॉलपेपरनं मन शांत राहतं म्हणे. इंटरनेटवरचा परक्या देशाचा डोंगर कशाला, आपला तलाव आहेच. तीन दिवस संध्याकाळी तलावावर जाऊन फोटो काढले. पहिल्या दोन दिवशी ऊन बरोबर नव्हतं. आज जमला. शेताच्या बंधीतला हिरवा धान, मागे पाणी. आयकॉन लपवले, टास्कबारही लपवला. रीता म्हणाली, यातलं सामान कुठं गेलं? बायकोला काय सांगणार, हीच तर गंमत आहे.

बाबूजींनी आजपासून टीव्ही बंद ठेवला आहे. मला त्रास होऊ नये म्हणून. कुणी भेटायला आलं की ओसरीतूनच हळू बोला म्हणतात. "नीलेश टाइप करून राहिला." हे मला खोलीत ऐकू येतं. तेव्हा मी घड्याळाचं विजेट कोणत्या कोपऱ्यात बसवावं ते पाहत होतो.

जरा वाईट वाटलं. पण तयारी हेही कामच.

२३ सप्टेंबर, मंगळवार
नवीन पद्धत. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम. त्यासाठी टायमर हवा. नऊ टायमर तपासले, चार्ट केला, एक निवडला. वेळ संपली की घंटी वाजते. आज घंटी चार वेळा वाजली. चारही वेळा आरामातच होतो, पण वेळेवर होतो.

३० सप्टेंबर, मंगळवार. रात्री ८
नऊ पानं! मनावर घेतलं की होतंच. सलग तीन दिवस टायमर न लावता बसलो. बाबूजींनी स्वतः चहा आणून दिला, अर्धा बशीत सांडलेला. दार, भिंत चाचपत आले होते. पडद्याजवळ तोंड नेऊन पहिल्या अंकातली चार वाक्यं वाचली. हसले. "मास्तर असता तं खूश झाला असता," म्हणाले.

आता वेग वाढवायला हवा. कंप्युटर हळू चालतो. उद्या त्याचा बंदोबस्त.

१ ऑक्टोबर, बुधवार
कंप्युटरमध्ये ३१२ फॉन्ट होते. एवढ्या ओझ्यानं तो हळू चालणारच. जे ओळखीचे नव्हते ते सगळे उडवले. रिसायकल बिनही रिकामं केलं, कारण व्हिडिओत म्हटलंय की अर्धवट त्याग हा त्याग नव्हे.

मग नाटक उघडलं. नऊच्या नऊ पानांवर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस. आंबा नाही, वाटणी नाही, भाऊ नाहीत. मी ज्या जुन्या टायपिंग फॉन्टमध्ये टाइप केलं होतं तो दुसऱ्याच नावानं बसला होता.

बाबूजींना सांगितलं नाही. त्यांना उगाच टेन्शन.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
कंप्युटरची पूजा केली. मॉनिटरवर झेंडूची माळ, कीबोर्डला हळदीकुंकू. एंटरची की आता जरा अडकते.

जुना फॉन्ट लाखांदूरच्या एका दुकानात पेन ड्राइव्हवर मिळतो म्हणे. जायला अर्धा तास. पण मी विचार केला, मागे कशाला जायचं? नऊ पानं गेली ती एका अर्थी बरीच झाली. आता युनिकोड, आणि कीबोर्डही नवा शिकायचा, सरकारी मान्यतेचा. एकदा हात बसला की दिवसाला दहा पानं. हात बसायला सात दिवस. म्हणजे ९ तारखेनंतर नऊच दिवसांत नाटक हातावेगळं.

६ ऑक्टोबर, सोमवार
नव्या कीबोर्डवर वेग मिनिटाला चार शब्द. त्यातला एक शब्द 'आणि'.

आज घरात जरा झालं. रीतानं जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर जाड स्केचपेननं नाटकाचं पहिलं पान लिहून काढलं. बोराएवढी अक्षरं. बाबूजींनी ओसरीत बसून पूर्ण पान वाचलं, एकदाही न अडखळता. ती म्हणाली, "तुमी कंप्युटर सजवा. मी रोज चार पानं लिहून टाकते. झालं."

मी समजावलं. एकाच मजकुराच्या दोन प्रती तयार होत असल्या की पुढे गोंधळ होतो, कोणती खरी ते कळत नाही. शिवाय कॅलेंडरचे कागद विंगेत बरे दिसत नाहीत, मंडळाची इज्जत जाते. तिनं स्केचपेनला टोपण लावलं आणि भाजी चिरायला बसली.

मी बरोबरच होतो. हे लिहून ठेवतो, कारण जेवताना तसं वाटत नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
तालमी सुरू. मधुकरराव घरी आले, नाटक पाहायचं म्हणाले. मी कंप्युटर लावला. तलाव पाहून चाट पडले. घड्याळ पाहिलं, हवामान पाहिलं. मग म्हणाले, नाटक कुठं आहे? मी मुखपृष्ठ दाखवलं. त्यावर आंब्याचं झाड, मास्तरांचं नाव, खाली बाबूजींचं, 'प्रॉम्प्टर : टिकाराम'. पानाला बॉर्डर. ते म्हणाले, छान आहे, पण नटांना मुखपृष्ठ ऐकू येत नाही. दिवाळीपर्यंत हातात द्या, नाहीतर मला दुसरं पाहावं लागेल.

असल्या दबावाखाली सर्जनशील काम होत नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
एकाच कंप्युटरमध्ये चार डेस्कटॉप करता येतात! पहिला शाळेचा, दुसरा घरचा, तिसरा नाटकाचा, चौथा चिंतनाचा. सगळे शॉर्टकट पाठ केले. दुपारी नाटकाची फाइल सापडेना. दीड तास घाम फुटला. शेवटी ती चिंतनात सापडली.

पानं तीन.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
आज बाबूजींनी पहिल्यांदा विचारलं. इतके दिवस रोज जेवण झालं की दारात उभे राहायचे, चष्मा धोतराला पुसायचे आणि परत जायचे. आज विचारलं, "किती झालं, बाबू?"

मी म्हणालो, अर्धं.

कसं तोंडून निघालं माहीत नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की मागे घेता आलं नाही. लगेच मधुकररावांना फोन लावायला सांगितला आणि मोठ्यानं सांगितलं, "अर्धं झालं. माह्या पोरानं केलं." फोन मीच धरून होतो.

शाळेला आजपासून दिवाळीची सुट्टी. वेळच वेळ आहे. रोज अकरा पानं केली तर २४ ला काम फत्ते, मग अर्धं म्हणालो ते खोटं राहणार नाही. फक्त आगाऊ ठरेल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
साडेतीन पानं. पाहुणे, फराळ, लाइटचा लपंडाव. आज पणत्यांचं वॉलपेपर लावलं होतं, पण त्यानं लक्ष विचलित होतं, म्हणून पुन्हा तलाव. बाबूजी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी पणत्यांकडे पाहत बसले होते. म्हणाले, त्यांना एकेकीच्या चार-चार दिसतात, दिवाळी मोठी झाली.

मी हसलो. मग संडासात जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
मधुकरराव आले. सोबत चंद्रकुमार, कोंढा गावचा. नजर चांगली, आवाज चांगला, वहीवरून थेट वाचतो. आठ दिवसांवर मंडई आली, तालमीत नट मुक्यासारखे उभे राहतात, आणखी थांबता येत नाही म्हणाले.

मी म्हणालो, दोन दिवस द्या. ते म्हणाले, ठीक, झालेलं अर्धं तरी आज द्या, तेवढ्याची तालीम टिकारामजी घेतील. मी म्हणालो, प्रिंटरची शाई संपली. ते माझ्याकडे पाहत राहिले. रीता दारात उभी होती, तीही. कंप्युटर सुरूच होता, तेवढं घड्याळ वेळ दाखवत होतं.

मग बाबूजीच मध्ये बोलले. "त्याचं काम झालंच हाये अर्धं. पण आता टाइम नाई. नाटक थांबाले नाई पायजे."

उठले, माझ्या टेबलावरून वही चाचपून उचलली आणि चंद्रकुमारच्या हातात दिली. कोणत्या पानावर कुणाची एन्ट्री आहे, कुठं टाळ्या येतात म्हणून थांबायचं, नटांपैकी मंगरूला शेवटचा शब्द ऐकू येत नाही म्हणून तो दोनदा द्यायचा, हे सगळं त्याला उभ्याउभ्या सांगितलं. मी त्या वेळी खरं बोलू शकलो असतो. तोंड एकदा उघडलंही. पण मग मधुकरराव म्हणाले, चला.

२६ ऑक्टोबर, रविवार
निश्चय केला, आता कुणासाठी नाही तर स्वतःसाठी पूर्ण करायचं. पहाटे उठलो. वही नाही, म्हणून टाइप करता येत नाही.

पहिल्यांदा कारण खरं आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४
मंडई. घर पाहुण्यांनी भरलं आहे. बाबूजींनी नवं धोतर काढलं. दर वर्षी या वेळेला ते जेवत नाहीत, पोट जड झालं की आवाज खोल जातो म्हणतात. आज रीतानं वाढलं तर दोन पोळ्या जेवले.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी
बाबूजी मला घेऊन दुसऱ्या रांगेत बसले. तीस वर्षांत त्यांनी हे नाटक समोरून पाहिलं नव्हतं. पडदा कोणत्या रंगाचा आहे, ते मला विचारलं.

पहिला अंक नीट झाला. दुसऱ्या अंकात, दोघे भाऊ आंब्याखाली उभे राहतात तिथं, चंद्रकुमारची दोन पानं एकदम उलटली असावीत. मंगरू थोरल्या भावाच्या कामात होता. हात वर करून उभा राहिला. विंगेतून काहीच येईना. लोक खोकायला लागले.

तेव्हा माझ्या शेजारून बाबूजी बोलले. प्रॉम्प्टरच्या आवाजात, दबक्या. "झाड तुझ्या वाट्याला राहू दे. सावलीची वाटणी मात्र मी करणार नाही." शेवटचा शब्द दोनदा दिला. विंगेतून हा आवाज फक्त नटाला ऐकू जायचा, लोकांना नाही. इथून उलटं झालं. आमच्या, पुढच्या आणि मागच्या अशा तिन्ही रांगांना ऐकू गेला, मंगरूला नाही. बाबूजींनी पुन्हा दिलं. पुढचा एक माणूस वळून म्हणाला, "काका, चूप बसा ना, नाटक पाहू द्या."

बाबूजी चूप बसले. तेवढ्यात चंद्रकुमारला पान सापडलं आणि नाटक पुढं गेलं. नंतर शेवटपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. हात मात्र मांडीवर होता, आणि बोटं वहीचं पान उलटावं तशी अधूनमधून हलायची.

परत येताना मी त्यांचा हात धरला होता. मी विचारलं, नाटक पाठ आहे का तुम्हाला? म्हणाले, "सगळं नाई. तेवढंच येते." थोडं चालल्यावर म्हणाले, "तुले एवढं काम रायते. मी उगाच हे नाटकाचं तुया मांगं लावलं. मनाले लावून घेऊ नोको."

माझी त्यांनी माफी मागितली. मला त्या रस्त्यावर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दारापाशी आल्यावर म्हणाले, "अर्धं तं झालंच हाये. ऑपरेशन झालं का बाकीचं मी वाचून सांगतो, तू टाइप कर. पुढच्या मंडईले होऊन जाईन."

मी हो म्हणालो. अर्धं नाही, साडेतीन पानं आहेत, हे सांगितलं नाही. ते आता झोपले आहेत. उद्या सांगतो.