हिरव्या कड्याच्या पुंगळ्या

लिपोव्हेक,
सोमवार, ११ मार्च २०१९

चि. लुबोर यास ताईचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस आणि दारावरची घंटा तुला ऐकू येत नाही, तेव्हा राहता राहिलं टपाल. पोस्टमन रोज तू चालवतोस त्याच बसने ये-जा करतो. त्याला तरी दार उघडशील.

आधी एक राष्ट्रीय आपत्ती कानावर घालते. आपल्या नेमबाजी क्लबाने मोहरी बदलली. सॉसेजबरोबर मिळणारी ती दाणेदार, नाकातून थेट मेंदूत जाणारी मोहरीची चटणी बंद. तिच्या जागी एक पिवळं, गोड, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासारखं काहीतरी आलं आहे. कारण काय, तर पाहुण्या संघातल्या एका बाईला ठसका लागला. दिवसभर कानाशी पिस्तुलं वाजताना या बाईला काही होत नाही, आणि मोहरीने जीव जातो. मी समितीकडे रीतसर लेखी निषेध नोंदवला. अध्यक्ष डॉक्टर स्कोपाल म्हणाले, "द्राहोमीराबाई, तुमच्या जिभेला आणखी तिखटाची गरज आहे असं समितीला वाटत नाही." अध्यक्ष झाल्यापासून हा माणूस विनोद करतो. दातांच्या डॉक्टरचे विनोद, आ वासूनच ऐकावे लागतात.

बाकी क्षेम. गुडघा हवामान खात्यापेक्षा खरं बोलतो. मांजर लठ्ठ झालंय आणि मला दोष देतंय. साप्ताहिकातलं माझं सदर चालू आहे. नगराध्यक्षांनी या महिन्यात अजून काही केलेलं नाही, त्यामुळे विषयांची जरा टंचाई आहे.

तू सप्टेंबरपासून रेंजवर फिरकला नाहीस असं सगळे म्हणतात. मीही कालपर्यंत तेच म्हणत होते. त्यावर पुढे येते.

शनिवारी हंगामातली पहिली स्पर्धा झाली. मी कितवी आले ते तू विचारत नाहीयेस, तरी सांगते. दुसऱ्याकडून कळलं तर त्यात मीठमसाला असेल, आणि या गावात मीठमसाला घालायचा हक्क माझा आहे. मी कितवीच आले नाही. वेगाच्या तपासणीत माझी काडतुसं नापास झाली.

डॉक्टरांनी माझ्या डब्यातली हाताला लागली ती काडतुसं उचलली आणि वेग मोजायच्या यंत्रासमोरून उडवली. आकडा बघितला. मग दाढेवर टिचकी मारून बघावं तशी यंत्रावर टिचकी मारली.

"यंत्राला सर्दी झाली असेल," मी म्हणाले.

"यंत्राला नाही, बाई. तुमच्या काडतुसांना. गोळी चालत चालत जातेय. वाटेत सिगारेट ओढून जाईल."

पुन्हा उडवली. तेच. मग भोंग्यावरून जाहीर झालं, की वान्कोवाबाईंना खेळता येईल, पण त्यांचे गुण धरले जाणार नाहीत. हलक्या काडतुसाचा झटका कमी, हात कमी उडतो, नेम सोपा. म्हणून तर ही तपासणी ठेवलेली. थोडक्यात, लबाडांसाठी लावलेला पिंजरा. आणि त्यात सापडली कोण, तर वर्षानुवर्षं छापील अक्षरांत गावातल्या लबाडांची सालं काढणारी तुझी बहीण. मी शेवटपर्यंत खेळले. पंगतीला बसवावं आणि पानात काही वाढू नये, तशी. लोक फार चांगले वागले. तेच सहन होत नव्हतं.

मी सगळ्यांना सांगितलं, काडतुसं भरायच्या आपल्या घरच्या यंत्रातल्या बारूद सोडणाऱ्या पट्टीचा स्क्रू सैल झाला होता. तुला तसं सांगून उपयोग नाही. तो स्क्रू तूच बसवलेला आहेस.

आता कालचं. काल वसंतातलं श्रमदान होतं. तुला माहीत आहे, दर वर्षी अर्धा क्लब फावडी घेऊन येतो आणि उरलेला अर्धा फावड्यांना टेकून सल्ले देतो. माझ्याकडे उभं राहण्याच्या जागेवरच्या लाकडी फळ्या उचलून खालचा कचरा काढायचं काम आलं. खाली पाचोळा, एक हातमोजा आणि उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या, ज्याने त्याने आपल्या रंगाच्या पेनने खुणेचं कडं काढलेल्या. माझ्या लाल कड्याच्या. डॉक्टरांच्या जांभळ्या कड्याच्या; त्यांना जांभळ्या झग्यातला बिशप व्हायचं होतं की काय कोण जाणे. आणि हिरव्या कड्याच्या. बऱ्याच.

डॉक्टर मागून डोकावले. "हिरवा म्हणजे लुबोर ना? तो तर शरदापासून आला नाही."

"जुन्या असतील," मी म्हणाले, आणि खिशात टाकल्या.

जुन्या नव्हत्या. हिवाळाभर चिखलात पडलेलं पितळ काळं पडतं. या अशा चकाकत होत्या, की जणू आत्ताच पिस्तुलातून उडून बसल्या आहेत. दुसऱ्याची पुंगळी उचलणं आपल्याकडे दुसऱ्याची बायको पळवण्यापेक्षा वाईट समजतात, पण तुला दुसरा कुणी हिरव्या पेनवाला माहीत असेल तर कळव.

मी तडक राखणदाराच्या शेडमध्ये गेले. म्हातारा हुदेचेक भट्टीत लाकडं सारत होता. आधी त्याने काहीच माहीत नसल्याचं सांगितलं. मग म्हणाला, "बुधवारी येतो. बसची सुट्टी असते त्याची. मला सांगितलंय कुणाला बोलू नका म्हणून, तेव्हा मी बोलत नाहीये."

"बरं, बोलू नका. येऊन करतो काय?"

"एकच गोळी भरतो मॅगझीनमध्ये. मारतो. पिस्तूल उघडतो, नळी काढतो, आभाळाकडे धरून आरपार बघतो. पुन्हा जोडतो. पुन्हा एक. मी म्हटलं त्याला, अरे, त्या मॅगझीनला स्प्रिंग दिलीय ती दाखवायला नाही. तर हसला नुसता."

लुबोर, मी तिथे भट्टीशी बसले आणि खिशातल्या तुझ्या पुंगळ्या काढून एकेक उजेडाला धरून बघितली.

तू त्या सप्टेंबरच्या दुपारचं एक चित्र डोक्यात टांगून बसला आहेस. माझ्याकडचं चित्र सांगते. मी चाप ओढला, फट्ट असा ओला आवाज आला, हाताला झटका बसला नाही. घड्याळ चालू होतं, म्हणून मी पिस्तुलाचा वरचा सरकता भाग हाताने मागे ओढून पुढचं काडतूस आत घेतलं. डॉक्टर शेजारी पंच म्हणून उभे होते, ते "थांबा" म्हणून ओरडले, आणि मी थांबले. एवढंच. काडतुसं भरताना तुझ्या हातून एका पुंगळीत बारूद पडायचं राहिलं. पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी पाडणाऱ्या नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यात जाऊन बसली. डॉक्टरांनी लाकडी दांड्याने ठोकून ती काढली आणि तळहातावर घेऊन, उपटलेला दात दाखवावा तशी सगळ्यांना दाखवली. सगळे हसले. मीही हसले. तू बघितलीस, बॅग गाडीत टाकलीस, आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवलास: यंत्र तूच ठेव.

पुढची गोळी सुटली असती तर मागच्या गोळीवर आदळून नळी माझ्या हातात फुटली असती, हे मला कळतं. तुला वाटलं ताईने हसण्यावारी नेलं, म्हणजे तिला कळलंच नाही. मी हसण्यावारीच नेत असते. माझं पोट त्यावर चालतं.

तर आता स्क्रूचं. तो सैल झाला नव्हता. मीच फिरवला. हिवाळाभर गॅरेजमध्ये एकटी बसून काडतुसं भरली. प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून बघितलं. एकदा, दोनदा. कधी गोळी बसवून झाल्यावर शंका आली, म्हणून काडतूस फोडून पुन्हा बघितलं. पितळ मधल्यामध्ये दमलं. मग वाटायला लागलं, आपण बघतो आहोत पण दिसतंय का? एकाच पुंगळीत दोनदा बारूद पडलं तर? म्हणून स्क्रू नखभर मागे घेतला. दुसऱ्या दिवशी आणखी नखभर. चुकायचंच असेल तर कमीच्या बाजूला चुकू, असं म्हणत. आणि बारूद कमी पडलं की काय होतं, हे या देशात मला जितकं माहीत आहे तितकं कुणाला नसेल. ज्या खड्ड्याची भीती, घाबरलेली बाई सायकल घेऊन नेमकी त्याच्याकडे निघाली.

आणखी एक. चाप ओढायच्या आधी माझे डोळे मिटतात. शनिवारी मी सबंध स्पर्धा जवळजवळ आंधळेपणाने खेळले. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे माझे गुण न मोजण्यात गुंतले होते.

डॉक्टरांना माझं पिस्तूल त्यांच्या सुनेसाठी हवं आहे. काल पुन्हा विचारलं. एप्रिलची स्पर्धा होईपर्यंत थांबा, असं मी म्हणाले. अशी डोळे मिटून खेळणार असेन, तर देऊन टाकेन ते. माझं इतकंच म्हणणं आहे. बाकी तुझं तू बघ.

बुधवार, १३

पत्र टाकलं नाही. सोमवारी दुपारी पोस्ट बंद होतं, मंगळवारी मी.

आज सकाळी रेंजवर गेले. गाडी गिरणीमागे लावली, म्हणजे तुला दिसू नये. हुदेचेकच्या शेडमध्ये खिडकीशी बसले. त्याने चहा केला, त्यात रम ओतली, आणि म्हणाला, "तुम्ही इथे आहात हे मला माहीत नाही." मग माझ्यासमोरच स्टूल ओढून बसला.

तू आलास. टोपी घातली नव्हतीस. कान लाल झाले होते. एक गोळी, नळी आभाळाकडे, पुन्हा जोडणी. पाठमोरा तू म्हातारा दिसतोस आणि नेम मात्र पूर्वीपेक्षा सुधारला आहे. दोन्हींचं वाईट वाटलं. इतकी वर्षं माझ्या पुढे राहायला तुला एवढंच करायचं होतं तर.

पुष्कळ वेळ तसंच चाललं. माझा चहा गार झाला. हुदेचेक डुलक्या घेत होता असं मला वाटलं, पण एकदम त्याने कप खाली ठेवला.

"हे नवीन आहे," तो हळूच म्हणाला.

तू मॅगझीनमध्ये दोन घातली होतीस. बराच वेळ नुसता उभा राहिलास. मग पहिली सुटली, आणि तू थांबलास, आणि मला वाटलं आता पिस्तूल उघडतोस. दुसरी सुटली. नळी बघितलीसच, पण दोन सुटल्यावर.

"दुसऱ्या वेळी बाई, तुम्ही डोळे मिटलेत," हुदेचेक म्हणाला.

"तुमच्या भट्टीचा धूर," मी म्हणाले.

मी बाहेर आले नाही. पिस्तूल हातात असलेल्या माणसाला हाक मारू नये, हा नियम. पिस्तूल पेटीत गेलं, पेटी गाडीत गेली, गाडी फाटकाबाहेर गेली, तरी मी नियमच पाळत बसले होते. आपल्या घराण्याला नियम पाळायची फार हौस.

म्हणून आता तोंडाने न सांगता लिहूनच सांगते. यंत्र गॅरेजमध्ये जिथे होतं तिथेच आहे. स्क्रू तुझ्या खुणेवर परत आणला आहे, पण तो बरोबर आहे का ते तू बघितल्याशिवाय मी दांडा ओढणार नाही. तू दांडा ओढायचा, बारूद पडलं की मी पुंगळीत बघायचं, मी मान हलवली की मगच गोळी. एकाचं चुकलं तर दुसऱ्याला दिसेल. तू माझ्यावर उपकार करत नाहीस आणि मी तुझ्यावर नाही. दोन घाबरट माणसं मिळून एक धड माणूस होतो का, ते बघायचंय. हळू जाईल. एप्रिलच्या स्पर्धेपुरती काडतुसं होतील. डॉक्टरांच्या सुनेला मी गोफण घेऊन देईन.

आणि तुझ्या बसमध्ये पुढे लिहिलेलं असतं ना, चालकाशी बोलू नये, ते मला यंत्रापाशी लागू राहील. कठीण जाईल. पण बारूद पडत असताना मी एक शब्द बोलणार नाही, नगराध्यक्षांवरही नाही.

शनिवारी न्याहारीनंतर दार उघडं ठेवते. शनिवारी बस असेल तर रविवारी. रविवारी नसेल जमत तर मला रिकामे दिवस पुष्कळ आहेत.

पत्र पोस्टाने पाठवत नाही, हुदेचेककडे ठेवते. आजच संध्याकाळी तुझ्या दाराशी आणून देतो म्हणाला. "मी काही बोलणार नाही," असंही म्हणाला, म्हणजे तुला सगळं आधीच कळेल. सोबत कापडी पिशवी आहे. तीत फळ्यांखाली सापडलेल्या तुझ्या पुंगळ्या आहेत, अक्रोडाच्या भुशात घोळून साफ केलेल्या. हिवाळ्यात गॅरेजमधल्या डब्यातल्या तुझ्या काही मी न विचारता भरल्या आणि उडवल्या. त्या गवतात गेल्या त्या गेल्याच. तेवढ्या माझ्यातल्या घातल्या आहेत, चांगल्या बघून. लाल कडं स्पिरिटने पुसलं आणि हिरवं काढलं. काही ठिकाणी रेघ वाकडी आली आहे. चालवून घे.

यंत्राच्या डाव्या बाजूला, तोंड मिटून आणि डोळे उघडे ठेवून,

तुझी ताई