चौथा आवाज

प्रिय मंजू,

तुझी कादंबरी पोचली. नांदेडच्या प्रकाशनाला तू आग्रहानं बोलावलं होतंस, पण मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं चाकूर सोडता आलं नाही. पूर्वीसारखा आवाज रेकॉर्ड करून पाठवायची आता भीती वाटते, म्हणून हा कागद.

माझ्या या सासऱ्यांचं वाचनवेड तुला ठाऊक आहेच. डोळ्यावर हिरवी पट्टी, तेव्हा रोज दुपारी मी वाचायची, ते खाटेवर पडून ऐकायचे. एका मरणाची गोष्ट चौघांनी आळीपाळीनं सांगायची, प्रत्येकानं आधीच्याला खोटं पाडायचं, हे त्यांना फार आवडलं. मीही हौसेनं सोंगं काढली. फौजदाराला घोगरा आवाज, दिराला चिडका, शेजारीण नाकातून. खुनी कोण यावर आमच्या पैजा लागायच्या. मामांचा संशय दिरावर होता.

मग चौथी बोलायला लागली, मेलेल्याची बायको, आणि पहिल्याच पानावर माझी जीभ अडखळली. माझे अमरेश गेल्यावर वर्षभर मी तुला जे आवाज पाठवले, ते शब्द जसेच्या तसे. चहात चुकून दोनदा साखर टाकणं, त्यांच्या चपला दारातून न हलवणं. तू म्हणायचीस, बोल, मोकळी हो. केसानं गळा कापलास मंजू. मी मोकळी होत गेले आणि तू उतरवून घेत गेलीस.

तुझं तंत्र मात्र मानलं. चौघांत वाचक हिच्यावरच विश्वास ठेवतो, कारण ती साधं बोलते, रडते. शेवटी तीच सांगते की नवऱ्यानं विहिरीतून हाका मारल्या, पण ती गेली नाही, कारण तिनंच ढकललं होतं. ते पानही मीच मोठ्यानं वाचलं. मामा खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "सुकन्या, समद्यांचा आवाज येगळा काढलीस. हिचाच न्हाई काढलीस."

अमरेश विहिरीत पडले तेव्हा गाव कुजबुजत होतं. मामा एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले, एका शब्दानं काही विचारलं नाही. काल सकाळी पूजेला त्यांनी मला समोर बसवलं. दोघांच्या तळहातावर आपापलं गळ्यातलं इष्टलिंग होतं. ढकललंस का, असं विचारलं असतं तर मी ताठ मानेनं नाही म्हटलं असतं, कारण मी ढकललं नाही. त्यांनी विचारलं, त्यानं हाक मारली व्हती का.

दोनदा मारली होती. सकाळीच भांडण झालं होतं, हे पुन्हा काहीतरी हुकूम सोडणार म्हणून मी रागानं तुरी निवडत बसून राहिले. जगात हे फक्त तुला सांगितलं होतं. लिंग हातात असताना खोटं बोलता येईना, खरं तोंडातून निघेना. मी उठून आत आले. कालपासून मामा माझ्या हातचं पाणीही घेत नाहीत.

पुस्तक मागं घे असं मी म्हणत नाही. माझे ते आवाज तुझ्या फोनमध्ये असतील, ते घेऊन ये, आणि ज्यात हाकांचं सांगितलं तो मामांना ऐकव. त्यात मी कशी रडलेय ते त्यांना ऐकू दे. मी स्वतः सांगितलं तर त्यांना वाटेल, कादंबरीचंच पुढचं पान वाचतेय.

अजूनही तुझीच,
सुकन्या