पासिंगचा सेट

बाबा,

तुमचं रोह्याचं गॅरेज परवा मी रिकामं केलं. तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. इतकी वर्षं कुलूप लावून ठेवलं होतं, कारण आईला ते उघडवत नव्हतं आणि मला सोडवत नव्हतं. आता आईही नाही, आणि जागामालकाला तिथे नवे गाळे काढायचेत. भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी उभा करून मी पदर खोचून आत शिरले. माळ्यावर एक गोणपाट होतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. म्हटलं, बाबांचा काहीतरी ठेवणीतला माल दिसतोय. उसवलं तर आत मोटारसायकलचा एक टायर, हेडलाइट, हॉर्न, दोन आरसे आणि चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली ब्रेकशूची जोडी. धड नवं काही नाही, पण झिजलेलंही काही नाही. वापरून वापरून जपलेलं. शेजारचा पंक्चरवाला काका मदतीला आला होता. ऐंशीला टेकलाय बिचारा, पण ते सामान बघून जुना दोस्त भेटल्यासारखा हसला.

"अगो, हा तर पासिंगचा सेट! अजून हाय व्हय?"

"कसला सेट, काका?"

"पेणला पासिंगला गाडी न्यायची ना, तवा हा चढवायचा. पास झाली का संध्याकाली उतरवायचा, आन् जुनं सामान परत लावायचं. मग दुसऱ्याच्या गाडीला हाच. मिस्त्रीच्या हातची गाडी कधी नापास झाली नाय, ती काय उगाच?"

बाबा, मी तिथेच तेलकट पाटावर बसले. मला आधी कळलंच नाही की हा म्हातारा काय बोलतोय. पंधरा वर्षं झालेली मोटारसायकल पेणला तपासणीला न्यायची, साहेब दिवा, हॉर्न, टायर, ब्रेक बघणार, आणि पास झाली की पुढची पाच वर्षं निर्धास्त. धाटावची शिफ्ट सुटली की कंपनीतली माणसं जुन्या गाड्या घेऊन तुमच्याच दारात यायची, कारण तुमच्या हातची गाडी पास होणारच, हे अख्ख्या रोह्याला माहीत. जुनी गाडी पास होईल की नाही याची कुणाला शाश्वती नसते, तुमच्याकडे मात्र होती. त्या काळी निम्म्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या, म्हणजे एका गोणपाटात सगळ्यांची सोय. आणि मी? मी सासरी तोरा मिरवायचे, की माझ्या बाबांच्या हाताला यश आहे म्हणून.

हेच का तुम्ही, असं राहून राहून वाटतंय. मी सातवीत असताना सायकलचा ब्रेक सैल ठेवून शाळेत निघाले होते. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी मला अडवलंत, चार लोकांसमोर खाली उतरवलंत आणि सायकल उचलून परत घरी आणलीत. शाळा बुडाली तरी चालेल म्हणालात. "ब्रेकशी मस्करी नाय गो. घंटी नसली तर तोंडानं वरड, पन ब्रेक पायजे." मी दिवसभर रडले होते. आणि पुढे प्रत्येकाला हीच गोष्ट कौतुकानं सांगितली होती.

काकाला मी विचारलं, "आमच्या यांच्या गाडीला पण हाच लावला होता?" काकाचं हसू तिथल्या तिथे विरलं. त्यानं गोणपाटाची सुतळी बोटाला गुंडाळायला घेतली, परत सोडली. तुमच्या जावयाची गाडीही ह्याच सेटवर पास झाली होती. आठ दिवसांनी वडखळच्या नाक्यावर पुढचा ट्रक थांबला आणि हे थांबू शकले नाहीत. पायाचं हाड तीन ठिकाणी मोडलं, कंपनीची नोकरी गेली, चालण्यात कायमची लचक आली. आणि अपघात झाला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलमध्ये त्यांच्या पायाशी उभे राहून सगळ्यांदेखत म्हणालात, "ब्रेक मारायला उशीर केला असंल." हे छताकडे बघत म्हणाले, "व्हय. माझंच चुकलं."

तरी माझ्या मनात किडा होता. मी तुम्हाला म्हटलं, मोडकी गाडी गॅरेजला आलीय ना, मी उद्या बघायला येते. आले. पुढचं चाक पार वाकलेलं. तुम्ही मागचं चाक हातानं फिरवता, पायानं ब्रेक दाबता, चाक जागच्या जागी थांबतं. पुन्हा फिरवता, पुन्हा थांबतं. "बघ. गाडीला दोष देव नको. पास झालेली गाडी हाय." मी मान हलवते. मला बरंसुद्धा वाटतं, बाबा, की दोष तुमचा नाही. तशीच तरातरा हॉस्पिटलात जाते आणि प्लास्टरमधल्या माणसाला सांगते, ब्रेक ठणठणीत आहे, मी डोळ्यांनी बघून आले. ते भिंतीकडे तोंड करतात.

परवा काका म्हणाला, "तू मोडकी गाडी बघाया आलीस, त्या दिवशी बी हेच ब्रेकशू लावलेले. मिस्त्री बोलला, पोरगी येतेय बघायला. पाना मीच धरलेला गो. मला माफ कर." त्यानं माफी मागितली, बाबा. पाना धरणाऱ्यानं. तुम्ही त्यानंतर सात-आठ वर्षं जगलात, दर गणपतीला आमच्याकडे जेवायला आलात, जावयाच्या हातचं पाणी प्यायलात.

आणि मी काय करत होते ते ऐका. नोकरी गेल्यावर मी धाटावच्या कामगारांचे डबे सुरू केले. हे कांदा चिरतात, पोळ्या मोजतात, डबे भरतात. भाजी करपली, कुकरची शिट्टी जास्त झाली, दूध उतू गेलं, की माझ्या तोंडात एकच वाक्य ठेवलेलं: "तुमचं नेहमीचंच, वेळेवर ब्रेक मारता येत नाही." पोरांसमोर म्हटलं, नणंदेसमोर म्हटलं, एकदा तर तुमच्यासमोर म्हटलं. तेव्हा तुम्ही ताटातला भात कालवत राहिलात. मला वाटलं, जावयाची अब्रू राखताय.

गॅरेजमधून घरी आले तेव्हा हे ओट्याशी उभे राहून वालाची उसळ डब्यात भरत होते. मी पिशवीही खाली ठेवली नाही. विचारलं, "तुम्हाला पासिंगचा सेट ठाऊक होता?"

"सगल्यांनाच ठाऊक होता," हे म्हणाले. "पेणहून आल्यावर मीच तर काढून दिला. तवा सुट्टी एकच मिळायची, गाडी नापास झाली तर परत खाडा. म्हनून सगलेच नेत."

"मग बोलला का नाहीत? इतकी वर्षं माझं तोंड ऐकून घेतलंत!"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "रविवारी नवीन शू टाकायला ये, असं तुझे बाबा बोलले होते. मी नाय गेलो, ओव्हरटाइम होता. माझंबी चुकलंच की. आन् म्हातारा हॉस्पिटलात पायाशी उभा होता ना, त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. तुला बाप एकच होता गो."

बाबा, मला दोन दिवस जेवण गेलेलं नाही. सगळ्या रोह्याला माहीत होतं, धाटावच्या प्रत्येक शिफ्टला माहीत होतं, मिस्त्रीच्या पोरीला तेवढं नव्हतं. तुमच्यावर मी अशी चिडलेय की तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते सांगता येत नाही. तुम्ही घाबरला होतात, हे मला कळतं. एकुलत्या एक मुलीच्या नजरेतून उतरायची भीती कुणाला नसते? पण त्या भीतीपायी तुम्ही माझ्या हातात दगड दिलात आणि मी तो रोज एका निरपराध माणसाला मारत बसले. निरपराध म्हटलेलं त्यांना आवडणार नाही. तरी मी म्हणणार.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच ठाऊक होतं. आता खरं सांगते. तुम्हाला चार पानं लिहिणं सोपं होतं, म्हणून लिहिली. ज्यांना दोन शब्द सांगायचेत ते भिंतीपलीकडे दुपारच्या शिफ्टचे डबे बांधतायत, आणि परवापासून मी त्यांना फक्त मीठ पुरेसं झालंय का, एवढंच विचारू शकलेय.