कमानीखालची जागा

संत योहानाचा सण, १२४१

दगड हवेत कसा राहतो? मठात लॅटिन शिकले, भूमिती शिकले, आमच्या घरात अक्षर ओळखणारी पहिली मीच – आणि एवढं मला सांगता येत नाही! बाबांना विचारलं. म्हणाले, "प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो, पोरी. सगळे एकदम निघतात, म्हणून दाटीत अडकतात."

आज चर्चच्या छताचा शेवटचा, मधला दगड बसला. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. एवढं उंच! आणि माणसांनी केलेलं!

संत मदलेनचा सण

चुना वाळतोय. छत अजून लाकडी चौकटीवर टेकलंय. चौकटीखालच्या पाचरी काढल्या की खरं काय ते कळेल. रनो सुतार मला बघून ओरडला, "काय पंडितीणबाई, एखादा लॅटिन मंत्र म्हणा की, म्हणजे पडायचं नाही!" सगळे हसले. मीही.

पण या छताच्या कमानीची रेघ माझी आहे. हिवाळ्यात बाबांचा, म्हणजे इथल्या गवंड्यांच्या उस्तादांचा, हात थरथरायला लागला. गिलाव्याच्या जमिनीवर कमानीची पूर्ण मापाची रेघ कोरायची, तिच्यावरून दगड कापायचे – ती दार लावून मी कोरली. खुंटी, दोरी, खिळा. इथल्या कुठल्याही कमानीपेक्षा उंच नेली. बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "राहू दे अशीच."

संत लॉरेन्सचा सण

पाचरी काढताना ज्याची रेघ, तो खाली उभा राहतो. आजोबाही राहिले होते.

"मी उभा राहणार," बाबा म्हणाले.

"रेघ तुमची नाही."

"गावाच्या लेखी माझीच. पोरीने ओढली हे कळलं तर पाद्री सगळं उतरवायला लावतील. गप बस."

पण चूक असेल तर ती माझी, आणि चिरडणार बाबा!

दुसऱ्या दिवशी

दोरी पुन्हा लावून पाहिली. बरोबर वाटते. वाटते!

मेरीमातेच्या सणाच्या दोन दिवस आधी

उद्या पाचरी काढणार. बाबा आधी पापं कबूल करायला जातील. खाली उभं राहणारा जातोच.

सणाचा आदला दिवस

बाबा पाद्र्यापुढे गुडघे टेकून होते, तेवढ्यात मी जाऊन त्या जागेवर उभी राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "रेघ माझी आहे. ठोक, रनो."

तो पांढराफटक पडला. "उस्तादांना बोलवू का?"

"रीत तुला माहीत आहे."

त्याने टोपी काढली. पाचरी ठोकून काढल्या.

चौकट खाली सरकली. वर करकर झाली. केसांत चुना पडला. मग काही नाही. दगड तिथेच! हवेत!

बाबा धावत आले. ओरडतील वाटलं. आले आणि माझ्या शेजारी, कमानीखालीच, उभे राहिले.