मे महिन्यातला स्वेटर

२० एप्रिल, रविवार. सकाळ.

छप्प. सरसर. छप्प.

या आवाजाने जाग आली. मूर्तिजापूरची शाळा, १९६२. शिपाई हेडमास्तरांच्या खिडकीतल्या वाळ्याच्या पडद्यावर लोट्याने पाणी मारायचा, आणि शेजारच्या वर्गात आम्ही चाळीस पोरं ‘ओढा’ ही कविता म्हणायचो. ‘ओढा गातो चला चला रे, ऊन असो वा असो धुके...’ चारही कडवी अजून तोंडपाठ!

डोळे उघडले तर आवाज आमच्या कूलरचा. थंडी वाजत होती. बंद केला.

भागीरथा घामाने भिजून उठली. “कूलर कोनं बंद केला?” म्हटलं, कविता आठवली. म्हणाली, “कवितेले बटन दाबता येते काय?”

बायको चांगली. काव्यदृष्टी नाही.

२३ एप्रिल.

अकोला ४३.८. लोक डोक्याला दुपट्टे बांधून फिरताहेत, मी घरात स्वेटर घालून बसलो आहे. निळा. भागीरथानेच विणलेला, त्र्याण्णव साली.

शोध लागला. ज्याला कविता पाठ असते त्याचं रक्त तापत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि सरकार कूलरवर वीज घालवतं!

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, आता रोज टाकणार: ‘आज ४३.८. कूलर बंद. स्वेटर. कविता.’ उत्तर एकच. सहदेवचा अंगठा. सहदेव शेवटच्या बाकावरचा, ‘ओढा’च्या दोन ओळी कधी धड म्हणता आल्या नाहीत. त्याला काय कळणार. पण अंगठा दिला. असो.

२६ एप्रिल.

संकल्प:
रोज पाचला उठणे.
‘उन्हाळा आणि कविता’ ही पुस्तिका लिहिणे. चौसष्ट पानं पुरेत.
बुद्धपौर्णिमेला विहारात ‘ओढा’ सादर करणे. पुस्तक न घेता.

आज साडेनऊला उठलो. अकरा तास झोप नव्हे, चिंतन. पुस्तिकेचं मुखपृष्ठ तयार.

२९ एप्रिल.

अमरावतीहून दीपमालाचा फोन. लेक तिथे एका दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे फोनवरही माणूस तपासते. वजन? सहा किलो वाढलं, जेवण अर्ध्यावर असूनही. (काटकसरी देह.) आवाज? घोगरा नव्हे, भारदस्त. डोळ्यांखाली सूज? चेहरा भरलाय, तेज म्हणतात त्याला.

म्हणाली, “बाबा, हे थायरॉइड वाटून राहिलं. टीएसएच करा, उद्याच.”

फोन संपावा म्हणून हो म्हणालो. भागीरथाने ते ऐकलं आणि उद्या मला धरूनच नेईन म्हणाली.

२ मे.

रिपोर्ट आला. टीएसएच अठ्ठ्याहत्तर!

बाजूला लिहिलंय की साधारण माणसाचं पाचाच्या आत. गणितात आयुष्यभर एकेचाळीसच्या वर गेलो नाही. आता डिस्टिंक्शन. म्हणजे ग्रंथी पंधरा माणसांचं काम एकटी करून राहिली. तरी डॉक्टर म्हणतात, गोळी घ्या. सकाळी उपाशीपोटी, मग तासभर चहा नाही.

गोळी आळशी ग्रंथीसाठी असते. आणि पोस्टात अडतीस वर्षं काढली, एकही दिवस चहाआधी तोंड उघडलेलं नाही. गोळ्यांची डबी ‘ओढा’ असलेल्या चौथीच्या पुस्तकामागे ठेवली. भागीरथाने विचारलं तेव्हा ‘घेतली’ म्हणालो. हातात घेतली होतीच.

५ मे. संध्याकाळ.

४५.१. वाईट झालं.

भागीरथा स्वयंपाकघराच्या दारात एकदम खाली बसली. चक्कर. तिला बीपी आहे. कूलर सकाळपासून बंद होता. मी धावलो, म्हणजे निघालो. पोचेपर्यंत शेजारची खुशी पाणी घेऊन आली होती. सातवीतली पोर, पाय हलके.

कूलर लावला. मी घोंगडी घेऊन समोर बसलो. भागीरथा माझ्याकडे बघत राहिली. “गोयी घेऊन राहिले का तुमी? माया डोक्यावर हात ठेवून सांगा.”

डोक्यावर हात ठेवला. तिचं डोकं तापलेलं, माझा हात थंडगार. मग पुस्तिकेचा विषय काढला.

चारच्या बसने ती दीपमालाकडे गेली. जाताना म्हणाली, “गोयी सुरू झाली की फोन करा. तवर मले बोलावू नका.”

परवापर्यंत येईल.

८ मे.

आली नाही. कळवेल.

घर शांत आहे. लेखनाला उत्तम. मुखपृष्ठ पुन्हा सुधारलं. खिचडी करपली, कारण विचारात होतो. विचार हा करत होतो की गॅसवर काय ठेवलंय.

पौर्णिमेला ती येणारच. ‘ओढा’ ऐकल्यावर कोणतीही बाई विरघळते. लग्नानंतर पहिल्यांदा तिला हीच कविता ऐकवली होती, मूर्तिजापूर स्टेशनावर, शकुंतला गाडीला चार तास उशीर होता तेव्हा. गाडी आली तेव्हा ती म्हणाली होती, इतक्यात आली?

१३ मे. सकाळ.

काल विहारात कार्यक्रम झाला. खीर छान होती.

पांढऱ्या सदऱ्यावर स्वेटर घालून उभा राहिलो. पहिलं कडवं उत्कृष्ट. खुशी म्हणाली, आजोबांची टेप हळू चालून राहिली. मुलांना लय कळत नाही.

दुसरं कडवं आलं नाही.

माईक खराब होता. नंतर इतरांनी वापरला तेव्हा नीट झाला. उभा राहिलो. समोर दीडशे माणसं, वर सहा पंखे, आणि डोक्यात पांढरं. तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, “दगड म्हणाला, बैस जरासा.”

भागीरथा. दीपमालासोबत आली होती. मला सांगितलंच नव्हतं.

उरलेली कडवी तिने एक ओळ सांगितली की मी एक ओळ म्हणायचो, अशी पार पडली. टाळ्या झाल्या. बहुधा तिला.

बाहेर चपला शोधताना मी माईकचं सांगू लागलो. ती म्हणाली, “शेहेचाळीस वर्षं आयकून राहिली मी ही कविता. तापात बोलले, झोपेत बोलले, कधी अडकले का? मले भेव वाटते, दीपमालाचे बाबा.” आणि पदर तोंडाला लावला.

दीपमालाने रिपोर्ट मागितला. स्वेटरच्या खिशातच होता. बघून म्हणाली, “बाबा, हा आकडा ग्रंथीचा नाही. हा मेंदू ग्रंथीवर ओरडून राहिला त्याचा आहे. पोरगं वर्गात झोपलं की गुरुजी जेवढे ओरडतात, तेवढा टीएसएच. तुमचे गुरुजी अठ्ठ्याहत्तर वेळा ओरडले, पोरगं उठलं नाही.”

दोघी रात्रीच अमरावतीला परत गेल्या.

१४ मे. दुपार, दीड. ४४.६.

गुरुजींची उपमा चांगली आहे, दीपमालाला काव्यदृष्टी माझीच आली. पण पटलं नाही. थंडी वाजते ती कवितेने. सिद्ध करतो: हा आजार असता तर कविता न येणाऱ्यालाही झाला असता. ज्याला दोन ओळी पाठ नाहीत, असा एक माणूस मे महिन्यात स्वेटर घातलेला दाखवा. त्याच क्षणी गोळी घेतो. ग्रुपवर टाकतो हे आव्हान.

(टाकलं. सहदेवचा अंगठाही नाही. बघा!)

बेल वाजली. भागीरथाच. पाहून येतो.

अडीच.

भागीरथा नव्हती.

दारात सहदेव होता. तोच, शेवटच्या बाकावरचा. साठ वर्षांनी समोर. मूर्तिजापूरहून पॅसेंजरने आला. भर उन्हात. खाकी स्वेटर, वरची गुंडीसुद्धा लावलेली, कानाला मफलर. चेहरा भरलेला. डोळ्यांखाली तेज. आवाज भारदस्त.

सावकाश म्हणाला, “जय भीम, देवराव. तुयाकडं कूलर बंद असते ना? रोज वाचून राहिलो. माया घरचे बंद करू देत नाही, मायावर वसकून येतात. तुयाकडं चार दिवस बसू का?”

आत घेतलं. आता समोर बसला आहे. विचारलं, सहदेव, ‘ओढा’ येते का? बराच वेळ विचार करून म्हणाला, “कोनता ओढा?”

चौथीचं पुस्तक काढलं. मागची डबी काढली. गोळी आता घेतली, तोंडात, पाण्याने. सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतंच. भागीरथाला फोन लावतो आहे, रिंग जातेय.

सहदेव चहा मागतो आहे. त्याला सांगितलं, तासभर थांब.