विकायच्या गोळ्यांची पहिली खेप

४ फेब्रुवारी

प्रिय चिमण्या,

अनेक आशीर्वाद. सरकारच्या व्यापार खात्यात वकील झालास, पोट सुटलं, तरी माझ्यासाठी तू चिमण्याच. इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघरात लुडबुड करतात आणि भाजीत मीठ विसरतात.

तुमच्या व्यापार कराराची बातमी टीव्हीवर पाहिली. तू मागच्या रांगेत, टाय वाकडा. औषधांच्या पेटंटची मुदत पाच वर्षं वाढवायचं कलम गळालं, हे ऐकून मी चक्क टाळ्या वाजवल्या.

कारण सांगते. आमच्या कारखान्यात रक्ताच्या कॅन्सरवरच्या एका गोळीची तयारी चालली होती. रोज एक, जन्मभर. पेटंटवाल्या कंपनीची घ्यायची तर माणसानं घर विकावं. आमची तिच्या दहाव्या हिश्शात पडेल. पण पेटंट संपेपर्यंत चाचणीपुरत्या गोळ्या करायची मुभा, विकायची नाही. उरतील त्या मोजून चुरा करायच्या. ते काम माझ्या देखरेखीखाली व्हायचं.

एकदा मशीनवरचे काका म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबा. आज मी बघतो." त्यांनी माझा चेहरा बरोबर वाचला होता.

आता तुलाही कळलं असेल. ती गोळी मला हवी होती रे.

तुझं नवं घर बघायला आले नाही म्हणून तू रुसलास, फोन बंद केलेस. तेव्हा मी जुन्या औषधावर होते, उलट्यांनी जीव नकोसा झाला होता. आता तर ते औषधही हात टेकायला लागलंय. एखादी गोळी खिशात टाकायचा मोह झाला नाही असं नाही. पण मोजणीत एक जरी कमी भरली असती, तरी चाचणीवर संशय, परवानगी लांबणीवर, आणि माझ्यासारखे सगळेच ताटकळत.

तुला सांगितलं नाही, कारण त्या कराराच्या वाटाघाटींना तू बसला होतास. साहेबांनी बहिणीसाठी कलम अडवलं असं कुणी म्हटलं असतं, तर तुझ्या कष्टांवर पाणी पडलं असतं. आणि तू तर काहीही माहीत नसताना त्या कलमाविरुद्ध भांडलास. अभिमानानं ऊर भरून आला.

गेल्या आठवड्यात पेटंट संपलं. काल विकायची पहिली खेप काढली. काका म्हणाले, "ताई, बटण तुम्हीच दाबा." मी दाबलं आणि भोकाड पसरलं. मास्क, चष्मा, हातमोजे. डोळे पुसायचीही सोय नाही! काका म्हणाले, "रडा हो, गोळ्यांवर पडू देऊ नका म्हणजे झालं."

तपासण्या आटोपल्या की गोळी दुकानात येईल. भाऊजींनी आतापासूनच औषधवाल्याला भंडावून सोडलंय. डॉक्टर म्हणतात, लागू पडली तर अशा गोळीवर माणसं वीस-वीस वर्षं काढतात.

तेव्हा रुसवा सोड आणि ये. सवड काढून सावकाश ये, आता तशी घाई नाही.

पुढची बरीच वर्षं तुझे कान उपटायला हजर असलेली,
तुझी ताई