बाराव्या नाण्याची चमक

३ जून

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.
तुमच्या फ्रेमच्या दुकानात नाणी पहिल्यांदाच आली, म्हणून लिहून देते. फ्रेम करायला दिलेली, शिक्षिकाबाईंच्या दिवंगत वडिलांची ती बारा चांदीची नाणी चिकटवू नका. जाड पुठ्ठ्यात नेमक्या मापाची भोकं कापून त्यांत नुसत्या कडांच्या आधारानं बसवा. काच पुढेही हवी, मागेही. फ्रेम बाई ठेवणार आणि निम्मी किंमत भावाला देणार, म्हणून किंमत चोख हवी. लिलावातले भाव सोबत जोडले आहेत. मजुरी वेगळी धरा.
नाणी पुसू नका. तो काळपटपणाच त्यांचा भाव राखतो. घासलेलं नाणं निम्म्या भावानं जातं. काळं काही दिसलं की तुमचे हात शिवशिवतात, हे मला ठाऊक आहे.
मामींना नमस्कार.
तुमची भाची

८ जून

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र मंगळवारी आलं. मी सोमवारीच घासून बसलो होतो. बारावं, सगळ्यांत मोठं. पितळेचं पॉलिश आणि फडकं. तुझी मामी म्हणते, आता भाची तुम्हाला घासणार.
बाईंना लगेच सांगितलं. त्यांच्याकडून कळल्यावर त्यांचा भाऊ दुकानात येऊन गरजला. त्याला कमी द्यावं लागावं म्हणून बहिणीनं माझ्याकडून मुद्दाम भाव पाडून घेतला, असं त्याच्या मनानं घेतलंय. दोघांचं बोलणं बंद आहे. तीस वर्षांत माझ्यावर कुणी असं बोट ठेवलं नव्हतं गं. बाईंना विचारून ते नाणं आणि न घासलेलं एक, अशी दोन्ही पाठवतोय. तुझ्या प्रयोगशाळेत बघ. माझी चूक असेल तर तसंच लिही.
तुझा मामा

१७ जून

ती. मामांस शि. सा. न.
दोन्ही नाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तुमचे ओरखडे ताजे आणि सरळ आहेत. त्यांच्याखाली जुने, गोल ओरखडे आहेत, आणि ते तुम्ही हात न लावलेल्या नाण्यावरही आहेत. अक्षरांच्या खाचांत, काळ्या थराखाली, गुलाबी भुकटी सापडली. म्हणजे ही दोन्ही नाणी फार पूर्वी कुणीतरी घासली होती. भाव तेव्हाच गेला होता. तुमची चूक आहे, पण नुकसान तुमच्यामुळे झालेलं नाही. तसा अहवाल तिघांनाही पाठवला.
काल त्या भावाचा फोन आला. गुलाबी म्हणजे कसली, असं त्यांनी विचारलं. दात घासायच्या पावडरीसारखी, मी म्हटलं. मग म्हणाले की, ती त्यांचीच. लहानपणी वडील कामावर गेले की ते सगळीच्या सगळी नाणी काढून घासायचे, वडिलांना खूश करायला. वडिलांनी पाहिलं, पण ते एका शब्दानं बोलले नाहीत. हेच बहिणीला सांगायला ते आज जाणार होते. नंतर तुमच्याकडेही येतील. चहा पाजा, टोमणा मारू नका.
अहवालात बसत नाही, म्हणून इथे लिहिते: नुकसान तुमच्याच हातून झालेलं निघेल या भीतीनं तुमचं पार्सल उघडायला मला दोन दिवस लागले.
लोभ आहे, तो असाच राहू द्यावा.
तुमची भाची